विमानप्रवास, गरोदरपण आणि चोंदलेले नाक : सलाईन नेझल स्प्रेचे परीक्षण

औषधाच्या दुकानात सलाईन नेझल स्प्रे या नावाने जी छोटी बाटली मिळते, तिच्यात मिठाच्या निर्जंतुक पाण्याखेरीज फारसे काही नसते. तरीही गरोदरपणात नाक चोंदलेले असताना विमानात बसायची वेळ आली, तर पर्समध्ये ही बाटली असावी आणि तिच्याबरोबर हौसेने घेतलेल्या बाकीच्या बहुतेक वस्तू घरी राहिल्या तरी चालतील, असे माझे मत झाले आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येण्याची आपली पद्धत अजून टिकून आहे. पण सासर किंवा नोकरी बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी असल्यामुळे हा प्रवास आता एसटी-रेल्वेऐवजी विमानाने होतो, आणि तोही सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा अनेकींचे नाक रात्रंदिवस बंद असते. मी स्वतः बेंगळुरूहून पुण्याला अशीच आले, आणि त्याआधी कामानिमित्त मुंबईलाही जाणे-येणे होत होते. त्या काळात वापरलेल्या सलाईन स्प्रेचे, तसेच त्याच्या जोडीने आजमावलेल्या किंवा डॉक्टरांना विचारून बाजूला ठेवलेल्या वस्तूंचे हे परीक्षण आहे.

गरोदरपणातले हे नाक चोंदणे पुष्कळदा सर्दी नसतेच. सर्दीचा विषाणू नाही, ॲलर्जीचा इतिहास नाही, आणि तरीही सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ नाक बंद राहते व बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत आपोआप मोकळे होते, अशा अवस्थेला वैद्यकात गरोदरपणातील ऱ्हायनायटिस म्हणतात, आणि ती ढोबळमानाने दर पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला होते. इस्ट्रोजेन व वारेतून स्रवणारी वाढीची संप्रेरके यांच्याकडे त्याचे कारण म्हणून बोट दाखवले जाते; शिवाय या काळात शरीरातील रक्ताचे आकारमान जवळजवळ चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाकाच्या आतील अस्तर, जे मुळातच रक्तवाहिन्यांनी भरलेले असते, ते फुगते. म्हणजे नाकात शेंबूड साचल्यामुळे वाट बंद होते असे नाही. वाटेच्या भिंतीच जाड झालेल्या असतात. हे समजून घेणे खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण कितीही जोराने नाक शिंकरले तरी भिंत पातळ होत नाही; उलट कोरडे, नाजूक अस्तर फाटून रक्त येते, आणि गरोदरपणात घोळणा फुटणे तसेही सामान्य असते.

आता यात विमानाची भर पडते. प्रवासी विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा राखलेला असतो. देशांतर्गत मार्गांवर चालणाऱ्या एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानांत तो आठ हजारांच्या जवळ जाऊ शकतो, तर बोइंग ७८७ आणि एअरबस ३५० या लांब पल्ल्याच्या नव्या विमानांत सहा हजारांच्या आसपास ठेवता येतो. आठ हजार फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो, आणि दाब घटला की बंदिस्त हवेचे आकारमान त्याच प्रमाणात वाढते, हा बॉइलचा नियम शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. मधल्या कानात आणि कपाळाच्या, गालांच्या हाडांमधील सायनस नावाच्या पोकळ्यांत हवा असते. वर जाताना ती प्रसरण पावून बहुधा सहज बाहेर पडते. खरी अडचण उतरताना येते. बाहेरचा दाब वाढत जातो, आतील हवा आकसते, आणि तिची भर घालण्यासाठी नाकामागच्या भागातून हवा आत शिरावी लागते. पण कान व घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देतानाच क्षणभर उघडते. तिच्या तोंडाशी अस्तर सुजलेले असले, तर ती उघडण्यास कुरकुर करते आणि कानाला दडे बसतात. सायनसची तोंडे तर त्याहून अरुंद असतात. ती बंद झाली की भुवईच्या वर सुई टोचल्यासारखी कळ येते.

या संदर्भात एक बाब मला कुठल्याही सल्ल्यात वाचायला मिळाली नव्हती, पण नकाशा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिली की ती उघड होते. बेंगळुरूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर आहे, पुण्याचा दोन हजारांच्या किंचित खाली, तर मुंबईचा जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. केबिन आठ हजार फुटांवरून खाली येत असेल, तर बेंगळुरूला उतरताना कानांना पाच हजार फुटांचा फरक सोसावा लागतो आणि मुंबईला उतरताना आठ हजारांचा. त्यातही दाबातील बदल खालच्या थरांत अधिक वेगाने होतो. मुंबईहून परतताना काहीच झाले नाही म्हणून जाताना कान दुखले तो योगायोग होता, असे समजू नये. गोव्याला किंवा मुंबईला उतरणाऱ्या गरोदर स्त्रीने बेंगळुरूला उतरणारीपेक्षा अधिक तयारीने बसावे, हे साधे गणित आहे.

दाबाइतकाच त्रास कोरडेपणाचा असतो. केबिनमधील आर्द्रता बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्याही खाली असते, आणि लांबच्या प्रवासात ती आणखी घसरते. सुजलेले अस्तर कोरड्या हवेत आणखी चिडते, स्राव घट्ट होतो आणि खपली धरतो. सलाईन स्प्रेचे काम नेमके येथे आहे: तो अस्तर ओले ठेवतो, घट्ट झालेला स्राव सैल करतो आणि तो पुढे सरकण्यास मदत करतो. सूज उतरवण्याचे काम तो फार थोडे करतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हा स्प्रे मारताच नाक सताड उघडेल अशी अपेक्षा ठेवून तो घेणारीची निराशा होईल.

बाजारात या स्प्रेचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, दाबताच थेंब किंवा धार सोडणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीचा, सर्वांत स्वस्त. दुसरा, वरून दाबायच्या पंपाचा, ज्यातून मोजका आणि बारीक फवारा येतो. आणि तिसरा, धातूच्या डब्यात दाबाखाली भरलेल्या समुद्राच्या पाण्याचा, ज्याचा फवारा सलग, धुक्यासारखा येतो आणि जो किमतीला पहिल्या दोहोंच्या कित्येक पट असतो. आपल्याकडे नेझोक्लिअरसारख्या साध्या सलाईनच्या बाटल्या बहुतेक केमिस्टकडे असतात आणि साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळतात. विमानासाठी मी पंपाचा प्रकार पसंत करते. मऊ बाटलीत अर्धे पाणी आणि अर्धी हवा असते. विमान वर गेले की ती हवा फुगते आणि झाकण उघडताच पाणी आपसूक बाहेर येते, किंवा पहिल्या दाबालाच अपेक्षेपेक्षा दुप्पट धार नाकात शिरते. माझ्या एका बाटलीने पर्समधील डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अशा भिजवल्या, की त्यानंतर बाटली उभी आणि झिपच्या पिशवीत ठेवण्याची सवय लागली. पंपाची बाटलीही गळू शकते, पण क्वचित.

बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये. शरीरातील द्रवांशी मिळतेजुळते म्हणजे सुमारे ०.९ टक्के मीठ असलेले, किंवा त्याहून थोडे सौम्य पाणी झोंबत नाही आणि वारंवार वापरता येते. तीन टक्क्यांच्या आसपास मीठ असलेले पाणी सुजलेल्या अस्तरातून पाणी ओढून घेते, त्यामुळे नाक थोडे अधिक मोकळे वाटते; पण ते चुरचुरते आणि शिंका आणते, म्हणून मी ते घरी, निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी वापरण्यापुरते ठेवले आणि विमानात सौम्य प्रकारच नेला. काही बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, म्हणजे पाणी खराब होऊ न देणारे रसायन, असते; अधूनमधून वापरणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, मात्र दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे वापरायचे असल्यास परिरक्षक नसलेला प्रकार अस्तराला सोसतो. दाबाखाली भरलेल्या डब्याची जास्तीची किंमत वसूल होते ती येथे, कारण त्यात बाहेरची हवा आत जात नसल्यामुळे परिरक्षकाची गरज बहुधा राहत नाही. सलाईनमध्ये रक्तात शिरून बाळापर्यंत पोहोचेल असे औषध नसते, म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञ ते सुचवताना फारसा विचार करत नाहीत.

येथे एक धोक्याची सूचना अत्यावश्यक आहे. दुकानात जाऊन "नाक बंद आहे, स्प्रे द्या" असे म्हटले, तर समोर सलाईन येण्याऐवजी सूज उतरवणारे औषध येण्याची शक्यता अधिक असते. आमच्या घराजवळच्या एका दुकानदाराने मी गरोदर असल्याचे दिसत असूनही तेच काढून दिले आणि "दोन थेंब टाका ताई, लगेच मोकळे होईल" असे आश्वासनही दिले. त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. ऑट्रिव्हिनच्या मूळ प्रकारातील झायलोमेटाझोलिन किंवा नॅसिव्हिऑनमधील ऑक्सिमेटाझोलिन ही औषधे अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि नाक काही मिनिटांत उघडते. एरवी सर्दी असलेल्या प्रवाशाला उतरण्याच्या अर्धा तास आधी ती मारण्याचा सल्ला दिला जातो आणि तो उपयोगीही असतो. गरोदरपणात मात्र ही औषधे स्वतःच्या मनाने घ्यायची नसतात. नाकातून थोडा अंश रक्तात जातो, ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांना तर तो नकोच, आणि त्याहून मोठा सापळा सवयीचा आहे: तीन ते पाच दिवसांहून अधिक वापर झाला, की औषधाचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि पुन्हा बाटलीकडे हात जातो. साधी सर्दी आठवड्यात जाते म्हणून तिथे हा सापळा टळू शकतो. गरोदरपणातील चोंदणे महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे त्यात अडकणे फार सोपे आहे. माझ्या डॉक्टरबाईंनी एका प्रवासासाठी, उतरण्यापूर्वी एकदाच, असा अपवाद करता येईल का या प्रश्नावर माझा रक्तदाब पाहून मगच उत्तर दिले, आणि प्रत्येकीने ते आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. ज्यांचा त्रास ॲलर्जीचा आहे त्यांच्यासाठी बुडेसोनाइडसारखे स्टिरॉइडचे फवारे गरोदरपणातही वापरले जातात. पण त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे विमानतळावर आठवण होऊन त्यांचा उपयोग नाही.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल तर मी आणखी कठोर आहे. आपल्याकडील बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण असते, कधी त्यात कॅफिनचीही भर असते. यांपैकी नाक उघडण्याचे काम ज्याच्याकडे सोपवलेले आहे, ते तोंडावाटे घेतलेले फेनिलएफ्रिन मुळात परिणामकारकच नाही, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये दिले आणि २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते विनाचिठ्ठीच्या सर्दीच्या औषधांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. याच कामासाठी तोंडावाटे घेतले जाणारे दुसरे औषध, स्यूडोएफेड्रिन, परिणामकारक आहे, पण ते साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांवर काम करते आणि पहिल्या तिमाहीत तर ते टाळण्यासच सांगितले जाते. उपयोग संशयास्पद आणि काळजी खरी, असा हा व्यवहार आहे.

मेन्थॉलच्या नळ्या आणि डबीतील मलम यांचा मोह मलाही होता, आणि आईने तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी करून दिली होती ती मी मनापासून हुंगली. मेन्थॉलमुळे नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतना मिळते आणि हवा अधिक येत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाट तितकीच अरुंद राहते. भासालाही किंमत असते, विशेषतः झोप न आलेल्या रात्री. मात्र युस्टेशियन नलिका अशा भासाने उघडत नाही, त्यामुळे उतरताना त्याचा भरवसा धरू नये. कापूर असलेले मलम थेट नाकपुडीत लावण्याची अनेकांना सवय असते, ती सर्वथा वाईट. शिवाय गरोदरपणात वासाने मळमळणाऱ्या बाईला आणि तिच्या शेजारच्या आसनावरील निरपराध माणसाला बंद केबिनमध्ये निलगिरीचा दर्प सोसवेलच असे नाही.

नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्यांबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण मर्यादित अर्थाने. त्या नाकपुड्यांच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी ओढून धरतात आणि हवेची वाट पुढच्या टोकाशी रुंद करतात. त्यांत औषध नसल्यामुळे काळजीचेही कारण नाही. रात्रीच्या लांब विमानप्रवासात तोंड उघडे पडून घसा कोरडा होणे त्यांनी कमी झाले. कानांशी त्यांचा काहीही संबंध नाही. गरोदरपणात त्वचा हुळहुळी झालेली असल्यास पट्टी काढताना कोमट पाण्याने भिजवून काढावी.

दाब सावकाश बदलू देणारे म्हणून विकले जाणारे इअरप्लग हा या सर्व खरेदीतील सर्वांत आकर्षक आणि सर्वांत शंकास्पद भाग. मऊ सिलिकॉनच्या आत सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा असतो. त्यातून हवा हळूहळू झिरपते, त्यामुळे कानाच्या पडद्यावर दाबाचा बदल एकदम आदळत नाही, असा त्यामागचा तर्क. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या एका कानात खरा आणि दुसऱ्यात नकली प्लग घालून आठ हजार फुटांवरून उतरतानाचा दाब त्यांना दिला गेला, तेव्हा खऱ्या प्लगने दाबाची इजा टळल्याचे दिसले नाही. मला त्यांनी इंजिनाचा आवाज कमी केला आणि तेवढ्याने बरे वाटले, हे मान्य करते. पण सायनसच्या पोकळ्या कानाच्या बाहेरील नळीला जोडलेल्याच नसतात, तेव्हा कपाळाच्या कळेवर कानात घातलेल्या प्लगचा उपयोग तरी कसा होणार? जुन्या प्रवाशांनी सुचवलेला दुसरा उपाय, गरम पाण्यात भिजवलेला रुमाल कपात घालून तो कप कानावर धरण्याचा, हा तर चटक्याला आमंत्रण आहे. तो मी करूनही पाहिला नाही.

जलनेतीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण महाराष्ट्रात ती कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामसारख्या संस्थांनी योगातील शुद्धिक्रियांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची सवय लावली आहे. नेतीने नाक स्प्रेपेक्षा अधिक स्वच्छ होते, यात वाद नाही. निलमेडसारख्या कंपन्यांच्या बाटल्या आणि मीठ-सोड्याच्या पुड्यांनी ती सोपीही झाली आहे. पाणी मात्र उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असले पाहिजे, कारण नळाच्या अशुद्ध पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमीबाच्या संसर्गाची उदाहरणे नोंदलेली आहेत. प्रवासाच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. नेतीनंतर आत राहिलेले पाणी काढण्यासाठी पुढे वाकून जोराने श्वास सोडायचा, कपालभाती करायची, अशी पद्धत असते, आणि गरोदरपणात कपालभाती वर्ज्य आहे. पाणी पुरते निघाले नाही, तर ते तासाभराने, नेमके सुरक्षा तपासणीच्या रांगेत खाली वाकल्यावर नाकातून ठिबकते. म्हणून नेती आदल्या दिवशी करावी. निघण्याच्या सकाळी स्प्रेच बरा.

स्प्रे मारण्याची पद्धत बाटलीवर लिहिलेली असते, तरी बहुतेकजण मान मागे टाकून तो मारतात आणि सारे पाणी घशात उतरते. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा म्हणजे बाटलीचे टोक आपोआप नाकाच्या बाहेरील भिंतीकडे, कानाच्या दिशेने वळते, आणि मधल्या पडद्यावर धार बसून रक्त येण्याची भीती कमी होते. फवारा मारताना हलकेच श्वास घ्यावा, जोराने ओढू नये. नंतर एकेक नाकपुडी हळुवार शिंकरावी, दोन्ही एकदम दाबून कधीही नाही. टोक पुसून झाकण लावावे आणि बाटली कोणालाही देऊ नये, अगदी नवऱ्यालाही.

याहून महत्त्वाची आहे ती वेळ, आणि या स्प्रेबद्दल माझे अनुकूल मत मुख्यतः वेळेच्या शिस्तीवर उभे आहे. विमानात चढण्यापूर्वी एकदा, वर गेल्यावर कोरडे वाटेल तसे अधूनमधून, आणि उतरण्याच्या तीस-चाळीस मिनिटे आधी न चुकता. बेंगळुरू ते पुणे हा प्रवासच दीड तासाच्या आतला असल्यामुळे चहाचा कप हातात येतो न येतो तोच तो क्षण आलेला असतो. वैमानिकाच्या घोषणेची वाट पाहिली तर उशीर होतो, कारण खाली येणे त्याआधीच सुरू झालेले असते. लांबच्या प्रवासात उलट अडचण असते: आपण झोपलेलो असतो, झोपेत गिळणे मंदावते आणि दडे बसल्यावरच जाग येते. केबिन क्रूला आधी सांगून ठेवले की ते आठवणीने उठवतात.

स्प्रेने वाट ओली झाली, तरी नलिका उघडण्याचे काम स्नायूंनीच करायचे असते, म्हणून त्यापुढचा अर्धा तास घोट घोट पाणी पिणे, चघळणे आणि जांभया देणे यांत घालवावा. इंडियन एअरलाइन्सच्या काळात उड्डाणापूर्वी हवाई सुंदरी गोळ्यांचे तबक घेऊन फिरत असत, त्यामागे पाहुणचाराइतकेच हेही कारण होते. आता ते तबक नाही, तेव्हा लिमलेटच्या गोळ्या किंवा आवळ्याची सुपारी स्वतःच न्यावी. पित्ताचा त्रास असलेल्यांना आंबट सोसत नसेल, तर खडीसाखर उत्तम. नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळणे हा प्रकार मला सर्वांत उपयोगी पडला. नाक दाबून, तोंड मिटून हवा कानांत ढकलण्याची सर्वपरिचित युक्ती मात्र अगदी हलक्या हाताने करावी. कुंथल्यासारखा जोर लावणे कानाच्या पडद्यालाही वाईट आणि या अवस्थेत पोटालाही.

सलाईनची मर्यादा जिथे संपते ती जागा ओळखणे आवश्यक आहे. ताप, एका बाजूच्या गालात ठणका, पिवळा-हिरवा घट्ट स्राव किंवा आधीच दुखणारा कान असेल, तर तो खरा सायनसचा किंवा कानाचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून प्रवास पुढे ढकलणे तिकिटाच्या दंडापेक्षा स्वस्त पडते. उतरल्यानंतर दडे एक-दोन दिवसांत सुटले नाहीत, कानातून रक्त किंवा पाणी आले, ऐकू कमी येऊ लागले किंवा चक्कर आली, तरीही दाखवावे. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की विसाव्या आठवड्यानंतर होणारी तीव्र डोकेदुखी "सायनसचे डोके दुखते आहे" म्हणून कधीही सोडून देऊ नये. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधुक दिसणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा किंवा हात एकाएकी सुजणे यांपैकी काही सोबत असेल, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचे, प्रीएक्लॅम्पसियाचे लक्षण असू शकते. तेव्हा नाकात फवारा मारत बसण्याऐवजी रक्तदाब मोजून घ्यावा आणि रुग्णालय गाठावे.

तपासणीच्या दृष्टीने ही बाटली निरुपद्रवी आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात प्रत्येक द्रवाची बाटली शंभर मिलिलिटरपर्यंतची चालते आणि पंपाच्या बाटल्या त्याहून पुष्कळ लहान असतात. दाबाखालचे मोठे डबे घेताना मात्र आकार पाहून घ्यावा. गरोदर प्रवाशांकडे कंपनीगणिक साधारण अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर सहसा विमानात घेतले जात नाही, जुळी असल्यास त्याही आधी. तेव्हा त्या प्रमाणपत्रासाठी जाल त्याच भेटीत नाकाचा विषय काढावा, म्हणजे स्प्रेचा प्रकार आणि गरज पडल्यास अपवादाचे औषध दोन्ही लिहून मिळते.

पाचपैकी गुण द्यायचे, तर पंपाच्या साध्या सलाईन स्प्रेला मी चार देईन. कापलेला एक गुण सूज उतरवण्याच्या त्याच्या तोकड्या ताकदीसाठी आहे, आणि थोडासा त्या झाकणांसाठी, जी पोट पुढे आलेल्या बाईच्या हातातून निसटून नेमकी पुढच्या आसनाखाली जातात. दाबाखालच्या महागड्या डब्याला साडेतीन, कारण फवारा अधिक सुखद असला तरी परिणामात किमतीइतका फरक जाणवला नाही. पट्ट्यांना तीन, इअरप्लगना दोन.

एकदा उघडलेली बाटली किती दिवसांत संपवायची ते वेष्टनावर छापलेले असते आणि ते पाळावे. प्रवासाला निघताना नवीन बाटली घ्यावी. बाळंतपणानंतर नाक मोकळे झाले, की उरलेली बाटली बाळासाठी उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. बाळासाठी सलाईनचे वेगळे थेंब मिळतात, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावेत. परतीच्या विमानात उतरताना मात्र बाळाला अंगावर पाजले, तर गिळण्यामुळे त्याचे कान आपोआप मोकळे राहतात आणि थेंबांची बहुधा गरजच पडत नाही.